पाचवा खिळा

माझ्या गॅरेजच्या भिंतीवर एक लाकडी फळी आहे. तिला पाच खिळे ठोकलेत, आणि प्रत्येक खिळ्याला लाल फीत बांधलेला एकेक रेझिस्टर लटकतो. रेझिस्टर म्हणजे शेंगदाण्याएवढी वस्तू, वायरीतल्या विजेला थोडी अडवणारी. संध्याकाळी शटर ओढण्याआधी पाचही फिती जागेवर दिसल्या पाहिजेत, नाहीतर शटर ओढायचं नाही. नियम माझाच. नऊ वर्षं तो पाळला, आणि मोडला तो एकदाच. तेव्हा गाडीत माझी आई होती.

त्या सकाळी नऊला मी शटर उचललं आणि सवयीनं फळीकडे बघितलं. चारच फिती. पाचवा खिळा मोकळा.

मी टेबलाखाली वाकलो, कचऱ्याचा डबा पालथा केला, खिसे चाचपले. उगाचच. मोकळा खिळा दिसला तेव्हाच मला कळलं होतं. पाचवा रेझिस्टर माझ्या धाकट्या भावाच्या राखाडी गाडीत होता, चालकाच्या शेजारच्या सीटखाली, पिवळ्या सॉकेटमध्ये खुपसलेला. त्या सीटवर आई बसली होती. आणि गाडी अर्ध्या तासापूर्वी निघून गेली होती, चार तासांच्या रस्त्याला.

हा एवढासा रेझिस्टर काय करतो, ते सांगतो. गाडीला समोरून धडक बसली तर मध्ये बॉनेट असतं, इंजिन असतं. ते चुरगळेपर्यंत माणसाला थोडा तरी अवधी मिळतो. बाजूनं ठोकर बसली तर माणूस आणि समोरच्याचा बंपर यांच्यामध्ये असतो फक्त दरवाजा, वीतभर जाडीचा. म्हणून दरवाज्याच्या आत आडवी पोलादी दांडी घालतात, आणि सीटच्या पाठीत, शिवणीआड, घडी करून एक बॅग ठेवतात. दारालगतच्या खांबातल्या सेन्सरला धक्का कळला की तो गाडीच्या मधोमध बसलेल्या कंट्रोल युनिटला कळवतो, युनिट बॅगकडे वीज सोडतं, आतला मसाला पेटतो, गॅस भरतो, शिवण फाटते आणि बॅग बरगड्या आणि दरवाजा यांच्यामध्ये येऊन उभी राहते. सगळं पापणी लवायच्या आत.

पण युनिटला बॅग दिसत नाही. किल्ली फिरवली की ते वायरीत चिमूटभर वीज सोडतं आणि पलीकडे ठरलेला अडथळा मिळतो का बघतं. मिळाला तर बॅग आहे असं धरून चालतं, नाही मिळाला तर समोर लाल दिवा लावतं. बॅगला थेट साधा मीटर लावायचा नसतो, मीटरच्या विजेनंही ती अंगावर फुटू शकते. म्हणून आम्ही बॅगची वायर काढून तिच्या जागी तेवढ्याच अडथळ्याचा रेझिस्टर लावतो. दिवा विझला, तर गाडीकडची बाजू चांगली आणि दोष सीटकडे. तपासणी झाली की रेझिस्टर काढायचा. राहिला, तर दिवा विझलेलाच राहतो. युनिट खूश, मालक खूश, आणि ठोकर बसली की सगळी वीज त्या शेंगदाण्यात जाऊन जळते. बॅग सीटमध्ये झोपलेली.

नऊ वर्षांपूर्वी एकाच आठवड्यात माझ्याकडे दोन गाड्या ओढून आणल्या होत्या. दोन्हींची बाजू सारखीच आत गेलेली. पहिलीच्या सीटची शिवण फाटून पांढरी बॅग लोंबत होती. तिची मालकीण स्वतः चालत आली आणि डिकीतली छत्री घेऊन गेली, वर जाता जाता माझ्याशी हुज्जतही घालून गेली. दुसरीची सीट कोरीकरकरीत होती. खाली हात घातला तर कुणीतरी रेझिस्टर टेपनं गुंडाळून ठेवलेला. तिच्यातलं सामान न्यायला मालक आला नाही, त्याचा सासरा आला. मी त्याच दिवशी फळी केली आणि फिती बांधल्या.

आता हे सगळं ज्याला पाठ आहे तो असा कसा विसरला? माझ्या तोंडामुळे विसरला.

आई चार वर्षं माझ्याकडे होती. आदल्या दिवशी दुपारी भाऊ तिला न्यायला आला, तीन महिन्यांसाठी असं ठरलं होतं. त्याच्या गाडीत बाजूच्या बॅगचा दिवा लागलेला. मी लगेच फर्मान काढलं, "दिवा लागलेल्या गाडीत माझी आई बसणार नाही." तो बिचारा नाही म्हणाला नाही. मी गाडी आत घेतली, बॅटरी काढली, रेझिस्टर लावला, मशीननं युनिटमधली जुनी नोंद पुसली. दिवा विझला. म्हणजे सीटच्या आतली हातभर वायर गेलेली. तशी वायर माझ्याकडे होती, मी ती कपाटातून काढून हत्यारांच्या पिशवीत मशीनशेजारी टाकली, आणि तेवढ्यात भाऊ मागे येऊन म्हणाला, "दादा, एक सांगायचं होतं. आई आता तिकडेच राहील. कायमची."

माझं डोकं फिरलं. मी काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. त्याच्या बायकोचा उद्धार केला, त्याच्या नोकरीचा केला, तो पाचवीत नापास झाला होता तेही काढलं. शेवटी म्हणालो, "पुन्हा माझा फोन आला तरी उचलू नकोस!" आणि हातातला स्क्रूड्रायव्हर आपटून घरात निघून गेलो. शटर बायकोनं ओढलं. सकाळी ते निघाले तेव्हा मी मागच्या खोलीत पाठ करून बसलो होतो. आई दारापर्यंत आली, थोडं थांबली, आणि गेली. मला पावलं ऐकू आली. मी वळलो नाही.

भावानं किल्ली फिरवली असणार, दिवा विझलेला बघितला असणार, आणि दादानं रागातही काम पुरं केलं असं समजून तो निघाला असणार.

मी फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. त्यानं कापला. तिसऱ्यांदा लागलाच नाही. बायकोच्या फोनवरून लावला, तोही कापला. दुसऱ्याच्या फोनवरून भांडण पुढे न्यायची माझी खोड त्याला लहानपणापासून माहीत आहे. 'थांब, गाडीत चूक आहे' असा निरोप टाकला. तो वाचलाच गेला नाही. आईचा नंबर फिरवला तर घंटी माझ्याच घरात, फडताळावर वाजायला लागली. ती फोन विसरून गेली होती.

बायको कमरेवर हात ठेवून बघत होती. "अहो, फोन काय लावत बसलात? गाडी काढा."

"मिळतील का आता?"

"भावजी हवा भरल्याशिवाय मोठ्या रस्त्याला लागत नाहीत. तुम्हीच लावलेली सवय आहे ती."

मी पिशवी व्हॅनमध्ये फेकली आणि निघालो.

गावाबाहेर पडेपर्यंत सात चौक लागतात. एरवी मी ते मोजत नाही. त्या दिवशी प्रत्येक चौकात मला बाजूनं येणारी गाडीच दिसत होती. भाजीचा टेम्पो, सिग्नल तोडणारा स्कूटरवाला, बस. प्रत्येकाचा बंपर कुठल्या उंचीला आहे ते मी बघत होतो. तिसऱ्या चौकात काचेचा चुरा पडलेला दिसला आणि मी करकचून ब्रेक दाबला. नीट बघितलं तर धूळ बसलेला जुना चुरा होता. मागचा हॉर्न मारत होता. मी त्याला खिडकीतून शिवी दिली, आणि मग वाटलं, हेच ते. ह्याच तोंडापायी.

आई प्रवासात झोपते, हेही माझ्या डोक्यातून जाईना. डोकं दाराला टेकून झोपते, तोंड किंचित उघडं. सगळ्यात आधी दरवाजा तिच्याच कानशिलाला लागणार.

पंपावर ते नव्हते. हवा भरणारा टायरवर टेकून बसला होता.

"राखाडी गाडी आली होती का? शेजारी म्हातारी बाई?"

"आली होती की. आजींनी मला पाणी दिलं. रांग होती, बराच वेळ थांबले. आत्ता गेले, दहा मिनिटं झाली असतील."

मोठ्या रस्त्यावर मी व्हॅन एवढी पळवली की ती थरथरायला लागली. टोलनाका यायच्या आत गाठायला हवं होतं, पलीकडे रस्ता मोकळा, तिथं माझ्या व्हॅनला काही त्याची गाडी सापडली नसती. आणि नाक्याच्या रांगेत, दुसऱ्या ओळीत, सहा गाड्या पुढे, मला ती राखाडी डिकी दिसली. मी व्हॅन कडेला घातली, पिशवी घेतली आणि गाड्यांमधून पळत सुटलो. मी सत्तावन्न वर्षांचा आहे आणि माझं पोट माझ्या आधी पोचतं. लोक हसत असतील तर हसोत.

त्याची गाडी खिडकीपाशी पोचली होती. मी काचेवर थाप मारली. भावानं मला बघितलं, चेहरा दगडासारखा केला आणि दारं लॉक केली. आई आतून काहीतरी म्हणत होती. समोरचा दांडा वर गेला. मी पुढे जाऊन बॉनेटवर दोन्ही हात ठेवून उभा राहिलो. मागून हॉर्नचा कल्लोळ. खिडकीतला माणूस ओरडायला लागला, "ओ काका, मरायचंय का?"

भावानं बोटभर काच खाली केली. "दादा, लाज वाटू दे. आईसमोर रस्त्यात तमाशा करतोस?"

"भांडायला नाही आलो. गाडी बाजूला घे. आईच्या सीटमधली बॅग उडणार नाही. माझ्या हातून चूक झाली."

"दिवा बंद आहे. हा बघ!"

"म्हणूनच म्हणतो, बाजूला घे."

'चूक झाली' हे शब्द त्यानं माझ्या तोंडून आयुष्यात ऐकले नव्हते. त्यामुळेच बहुधा त्यानं गाडी नाक्याच्या पुढे, एका झाडाखाली घेतली.

आईला उतरवून मी कठड्यावर बसवलं. भाऊ दाराला टेकून उभा, हाताची घडी घालून. "तुला आईला जाऊ द्यायचं नाही, म्हणून ही नाटकं आहेत. मला कळत नाही का?"

"खाली वाक. सीटखाली बघ."

तो वाकला. लाल फीत लोंबत होती. माझ्या गॅरेजात तो लहानाचा मोठा झाला नसला, तरी ती फळी त्यानं बघितली होती आणि फितीचा अर्थ त्याला माहीत होता. तो सरळ उभा राहिला तेव्हा त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"अख्खं गाव ओलांडून आलो मी," तो म्हणाला. "तिसऱ्या चौकात एक टेम्पो हातभर अंतरावरून गेला. तिच्या बाजूनं."

मी बॉनेट उघडलं. बॅटरीची तार काढली. अपघातात बॅटरी तुटली तरी बॅग उडावी म्हणून युनिट थोडी वीज पोटात साठवून ठेवतं, ती उतरेपर्यंत पिवळ्या वायरीला हात लावायचा नाही. दहा मिनिटं थांबायचं. ती दहा मिनिटं आम्ही दोघं भाऊ एका गाडीच्या दोन बाजूंना उभे होतो. आई पदरानं वारा घेत होती.

मग मी रेझिस्टर काढला. फीत खिशात घातली.

"आता?" भावानं विचारलं.

पिशवी माझ्या पायाशी होती. आत ती वायर होती, दोन्ही टोकांना पिवळे कनेक्टर असलेली, आदल्या दिवशी मीच ठेवलेली. वीस मिनिटांचं काम. आणि मी म्हणालो, "वायर बदलावी लागेल. ती गॅरेजला आहे. गाडी परत न्यायला लागणार."

कशी जीभ वळली कोण जाणे. सकाळपासून जिवाचा आटापिटा करत आलो होतो तो तिचा जीव वाचवायला, आणि ती समोर धडधाकट बसलेली दिसताच मला ती परत हवी झाली. भावाला दुसऱ्या दिवशी कामावर हजर व्हायचं होतं. गाडी परत गेली की दिवस गेला, दिवस गेला की तो एकटा जाणार, आणि आई माझ्याकडेच. आता तो माझ्यावर विश्वासही ठेवत होता. म्हणाला, "असं म्हणतोस? मग आईला पुढच्या महिन्यात..."

"बघू," मी म्हणालो.

आई उठली. तिनं गाडीतून आपली पिशवी काढली, पाण्याची बाटली काढली, घडी केलेली शाल काखेत धरली. "बरं," म्हणाली, आणि माझ्या व्हॅनच्या दिशेनं चालायला लागली.

हे 'बरं' मी चार वर्षं ऐकत होतो. खिडकी लावू का, बरं. टीव्ही बंद करू का, बरं. डॉक्टर बदलूया, बरं. मला वाटायचं, आपली आई किती समजूतदार. खिशात हात होता, बोटांना ती फीत लागत होती, आणि माझ्या मनात पहिल्यांदा आलं की हे 'बरं' मी कधी तपासून बघितलेलंच नाही.

"आई, थांब!" मी खेकसलोच. ती दचकून थांबली. खांदे आत ओढून घेतले तिनं. ते बघून मला स्वतःची शिसारी आली. मी तिच्यापाशी गेलो आणि जमेल तेवढ्या हळू विचारलं, "तुला छोट्याकडे जायचंय का? खरं सांग."

तिनं भावाकडे बघितलं नाही. माझ्याकडेच बघितलं.

"हो," ती म्हणाली.

"कायमचं?"

"हो रे."

"का? माझं काय चुकलं?"

"तू आवाज चढवलास की माझ्या तोंडाला कुलूप लागतं. मी गप्प बसते, आणि तुला वाटतं मला पटलं. मला काही पटलेलं नसतं. मी नुसती भ्यालेली असते." तिनं शाल दुसऱ्या काखेत घेतली. "तू वाईट नाहीस. माझ्या गोळ्यांची वेळ माझ्यापेक्षा तुलाच आठवते. पण घरात सारखं भिऊन राहायला मला आता होत नाही. आणि ओरडायचं असेल तर लवकर ओरड, उन्हात मला चक्कर येते."

मी ओरडलो नाही. तिला झाडाच्या सावलीत बसवलं. मी परत गाडीपाशी आलो, खाली बसलो आणि पिशवीतून वायर काढली.

भावानं वायरीकडे बघितलं. मग माझ्याकडे. गॅरेजला असलेली वायर इथं कशी, हे त्याला विचारता आलं असतं. तो नुसता गुडघ्यावर बसला आणि म्हणाला, "टॉर्च धरू?"

"धर. आणि हलवू नकोस."

सीटच्या पाठीचं मागचं आवरण काढलं, बॅगच्या कनेक्टरमधून जुनी वायर सोडवली, नवी लावली, सीटखालच्या सॉकेटपर्यंत आणून दाबली. खट्ट. तो आवाज मी तीस वर्षं ऐकतोय, पण त्या दिवशी कनेक्टर दोनदा ओढून बघितला. बॅटरी जोडली, मशीननं नोंद पुसली, दोघांना बाहेर उभं करून किल्ली फिरवली. लाल दिवा लागला. एक, दोन, तीन. खिडकीबाहेर भाऊ मोठ्यानं मोजत होता. सहाला विझला. आता पलीकडे खरोखरची बॅग होती.

आईला मीच बसवलं. पट्टा लावला. "दाराला टेकून झोपू नकोस. सरळ बस. बॅगला यायला जागा लागते."

"बरं," ती म्हणाली, आणि मग स्वतःच हसली. "हे मनापासूनचं आहे."

गाडी दिसेनाशी होईपर्यंत मी झाडाखाली उभा होतो. मग गॅरेजला आलो आणि फीत पाचव्या खिळ्याला लटकवली. गिऱ्हाईकं आली, गेली. बायकोनं काही विचारलं नाही, फक्त आईचा फोन फडताळावरून काढून चार्जिंगला लावला.

दुपारी दोनला भावाच्या नंबरवरून फोन आला. आईच होती.

"पोचले रे."

"दिवा लागला नाही ना मध्ये?"

"नाही. मी बघतच होते सारखी. झोपलेच नाही."

"तुझा फोन इथं राहिलाय. उद्या गॅरेज बंद ठेवतो. आणून देऊ?"

पलीकडून आवाज येईना. सकाळपर्यंतचा मी असतो तर ह्या गप्प राहण्याला हो समजून किती वाजता येतो ते सांगून टाकलं असतं.

"येऊ की नको, आई? खरं सांग."

"आत्ता नको," ती म्हणाली. "फोन छोट्या मागवून घेईल. तू महिन्याभरानं ये."

"बरं," मी म्हणालो, आणि गप्प बसलो.